उजेडाला मीठ कमी

रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं की सिलतरा येतं. गाव धरसींवा तहसिलीतलं, एकेकाळी भाताच्या खाचरांमधलं. आता खाचरांच्या जागी स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांच्यामधून वाट काढणारे ट्रक आहेत. इथे उजेडाची ददात नाही. लोहखनिज आणि कोळसा हजारेक अंशांवर किल्नमध्ये गोल गोल फिरत असतात, पलीकडे इंडक्शन फर्नेस ओतली जात असते, आणि आभाळ रात्रभर तांबूस असतं. नव्याने बदली होऊन आलेल्या माणसाला सुरुवातीला पहाट झाली असं वाटून मध्यरात्री जाग येते. मग तो निर्ढावतो आणि खरी पहाट झाली तरी उठत नाही.

मी इथल्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीत आहे. आमच्या धंद्यात दिव्याला रूप नसतं, वॅट असतात. शेडच्या छताला तो उंच टांगलेला असतो आणि त्याच्यावर काळ्या धुळीचा असा थर बसतो, की तो चालू आहे की बंद हे शिडी लावून, काच पुसूनच कळतं. तेव्हा आमची डिझाईन कॉलेजात शिकणारी भाची आषाढात बॅग घेऊन उतरली आणि म्हणाली, "मामा, मला खाण्याच्या पदार्थांपासून दिवा करायचाय. लाइट फिक्स्चर. पण मटेरियल अनयूज्वल पाहिजे," तेव्हा मी शांतपणे विचारलं, "का?"

"असाइनमेंट आहे."

या उत्तरापुढे कुठलाही मामा हतबल असतो. तिचा हिशेब सरळ होता. मामा विजेतले, मामी सुगरण, म्हणजे प्रयोगशाळा आयतीच. माझ्या मेहुण्यांनी नागपूरहून फोनवर एवढंच सांगितलं, "पोरीनं दिवे लावावेत म्हणून फी भरतोय भाऊजी, पण असे लावेल असं नव्हतं वाटलं."

पहिला मान पापडाला मिळाला. उडदाचा पापड उजेडापुढे धरला की त्यातून जो मधासारखा प्रकाश झिरपतो तो खरोखर सुंदर असतो, हे मला मान्य करावं लागलं. इतकी वर्षं पापड खाल्ले, पण त्यांच्या आरपार पाहण्याइतका वेळ एकाही पापडाने ताटात काढला नव्हता. भाचीने तारेचा सांगाडा केला, पापड किंचित ओलसर करून त्यावर वळवले आणि आत नऊ वॅटचा एलईडी बसवला. दुपारी दृष्ट लागावी अशी शेड तयार झाली. संध्याकाळी पावसाची सर आली आणि शेड सादळली. रात्री जेवायला बसलो तेव्हा एक पापड तारेवरून ओघळून वरणात उतरला.

इथे मात्र माझं शिक्षण कामी आलं. मी तिला सांगितलं, की दोष पापडाचा नाही, एलईडीचा आहे. जुना पिवळा बल्ब खाल्लेल्या विजेतला अगदी थोडा भाग उजेडाला द्यायचा आणि बाकी सगळ्याची उष्णता करायचा. जगात ठिकठिकाणी याच कारणासाठी त्याला उधळ्या ठरवून हद्दपार केलं. पण पापडाच्या दृष्टीने तो आदर्श दिवा होता. माळ्यावरून साठ वॅटचा एक बल्ब शोधून काढला, ताज्या पापडांच्या शेडमध्ये लावला, आणि सादळणं बंद झालं. अर्ध्या तासाने घरभर खमंग वास सुटला. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड 'सहज' म्हणून खाली आलं. बल्बच्या लगतचा पापड तोपर्यंत एका बाजूने तपकिरी झाला होता. तो कोणी मोडला ते कळलं नाही, पण एकाने सुरुवात केल्यावर प्रकाशयोजना काही टिकली नाही.

कुरडईचं झुंबर हा दुसरा टप्पा. हे जमलं असतं. कुरडई जन्मतःच झुंबर असते, तिला फक्त उलटं टांगायचं असतं. गव्हाच्या चिकाच्या त्या पांढऱ्या तारांमधून उजेड भिंतीवर असा काही जाळीदार पडला, की सौ. हातातलं काम टाकून बघत राहिली. मग तिने झुंबराचा नीट हिशेब केला. "माझ्या अर्ध्या डब्याच्या कुरडया आहेत या." चैत्रात सिलतऱ्याजवळ वाळवण घालणं म्हणजे काय असतं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. इथे गच्चीवर ऊन भरपूर, पण वरून धुळीची काळी लव उतरत असते. वाळवणावर जुनी मऊ साडी ताणून बांधावी लागते, आणि तरीही भाचीने फ्रिजवरचं चुंबक कुरडईवरून फिरवलं तेव्हा त्याला बारीक काळी मिशी फुटली. "मामी, यात नॅचरल आयर्न आहे!" ती आनंदाने म्हणाली. मामीने चुंबक जागेवर ठेवायला सांगितलं.

झुंबराचा निकाल मुंग्यांनी लावला. वायरवरून ओळीने खाली उतरणाऱ्या मुंग्या मी कारखान्यात पाहिल्या नव्हत्या. पण इन्शुलेशन न कुरतडता, फक्त पदार्थ नेणारं ते शिस्तबद्ध पथक पाहून त्यांच्यापैकी काहींना आमच्याकडे भरती करावं असं वाटलं.

या विषयात जपान पुढे आहे, अशी माहिती भाचीने दिली. तिथल्या युकिको मोरिता या कलावती खऱ्या पावाचे दिवे करतात. पॅम्पशेड असं त्यांचं नाव. विद्यार्थिदशेत बेकरीत काम करताना रोज उरलेला पाव टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं, त्यातून हे सुचलं. पाव आतून कोरायचा, वाळवायचा, आत एलईडी ठेवायचा, आणि बाहेरून राळेचा लेप द्यायचा. चित्रं मोहक होती. क्रोइसाँ नावाचा तो पापुद्र्यांचा पाव पोटातून उजळलेला पाहून भूक लागते. आणि तिथेच माझा आक्षेप आहे. जो पाव पाहून भूक लागते तो राळ फासून खाण्यातून उठवायचा, ही भुकेची थट्टा झाली. खाण्याच्या वस्तूचा दिवा करायचा तर शेवटी तो खाता आला पाहिजे. नाही तर मग प्लास्टिकने काय घोडं मारलंय? भाची म्हणाली, "मामा, ड्युरेबिलिटीला वीस मार्क आहेत." या वीस मार्कांवरून आमचं घर पुढे सगळा मुक्काम दुभंगलेलं राहिलं.

खाता येणाऱ्या दिव्यांच्या बाबतीत परदेशी लोक अगदीच मागे आहेत असं नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक छोटा मासा असतो, इतका तेलकट, की वाळवून त्यात वात ओवली तर तो मेणबत्तीवाणी जळतो. त्याचं इंग्रजी नावच मेणबत्ती-मासा असं आहे. बदामाच्या उभ्या चिरलेल्या सळीला काडी लावली तर तीही वातीसारखी जळते. केळ्याच्या तुकड्यात ती खोचायची, पाहुण्यांसमोर पेटवायची, फुंकर मारायची आणि 'मेणबत्ती' गपकन खाऊन टाकायची, ही जुनी गंमत आहे. आपल्याकडेही, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांचे चौकोन असतात. आतलं मांस जेवणात जातं आणि उरलेल्या कवचातून दिवाणखान्यात दुधाळ उजेड येतो. मला हे पटलं. आधी जेवण, मग प्रकाशयोजना.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे लोणचं. 1989 च्या एप्रिलमध्ये डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन संगणक कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन प्रयोगशाळेने सेंद्रिय प्रकाशव्यवस्थेच्या गुणधर्मांवर एक तांत्रिक टिपण काढलं. भाषा गंभीर, आकृत्या-आलेख जिथल्या तिथे, आणि विषय एकच, की मिठात मुरवलेल्या काकडीला दोन्हीकडून खिळे टोचून घरगुती वीज सोडली तर ती उजळते. महिना एप्रिल होता हे खरं, पण प्रयोगही खरा आहे. मिठातला सोडियम तापून, वाफेच्या ठिणगीत पिवळा प्रकाश देतो, 589 नॅनोमीटरचा. हाच पिवळा आमच्या ओळखीचा. एलईडी येण्याआधी हमरस्त्यांवर जे पिवळेधमक दिवे असायचे, ज्यांच्याखाली लाल ट्रक तपकिरी दिसायचा, त्यांच्या पोटातही सोडियमच. म्हणजे इतकी वर्षं आपण रात्री गाड्या हाकल्या त्या एका अर्थी लोणच्याच्या उजेडात.

भाचीचे डोळे चमकले. मी तिथल्या तिथे ठाम नकार दिला. उघड्या खिळ्यांवर घरची वीज सोडणं हा प्रयोग नाही, अपघाताचा आगाऊ अर्ज आहे. अमेरिकेत 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230, आणि माणूस दोन्हींनी मरतो. कोणीही करू नये. पण माझ्या तांत्रिक कारणांची वेळच आली नाही. कैरीच्या बरणीकडे वळलेली भाचीची नजर मामीने टिपली होती.

"त्या बरणीत ओला चमचा चालत नाही," सौ. म्हणाली, "आणि तू करंट घालणार?"

बटाट्याला मात्र परवानगी मिळाली, कारण त्यात धोका नाही. तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसला की एक बटाटा पाऊण-एक व्होल्ट देतो. चार बटाटे एकामागे एक जोडले की बारकासा एलईडी मिणमिणतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की बटाटा आठ मिनिटं उकडून घेतला तर तो कितीतरी पट जास्त ताकद देतो, कारण उकडल्याने त्याचा अंतर्गत रोध कमी होतो. हे वाचून मला भरून आलं. महाराष्ट्रात रोज किती बटाटे उकडले जात असतील! तेवढ्यांना खिळे टोचले तर... हा विचार मी मोठ्याने केला आणि सौ.ने पातेलं पुढ्यातून उचललं. "उकडलेच आहेत तर वडे करते." खिळा टोचलेले बटाटे खायचे नसतात, त्यात जस्त उतरतं, हे सांगून चार बटाटे कसेबसे विज्ञानासाठी वाचवले. बाकीच्यांचे वडे उत्तम झाले. एलईडी इतका मिणमिणता लागला, की तो लागला आहे हे बघायला ट्यूबलाइट बंद करावी लागली.

खडीसाखरेचा प्रयोग मात्र मी कोणालाही सुचवेन. फ्रान्सिस बेकनने 1620 मध्येच लिहून ठेवलंय, की कडक साखर अंधारात फोडली तर ठिणगी पडते. सिलतऱ्यात यासाठी लागणारं मुख्य साहित्य म्हणजे अंधार, आणि तो मिळत नाही. खिडकीतून भट्टीची लाली येते, दाराखालून रस्त्याचा उजेड, फ्रिजवर हिरवा ठिपका. शेवटी आम्ही तिघं गाद्या ठेवायच्या खोलीत दार लावून, फटीला चादर कोंबून बसलो. डोळे सरावायला बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात भाचीने दोनदा विचारलं, "दिसलं का?" आणि सौ.ने एकदा, "कुकर बंद केला होता ना?" मग मी आईच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्यात खड्याचा एक मोठा तुकडा धरला आणि दाबला. कट्ट. आणि त्या क्षणी, अडकित्त्याच्या पात्यापाशी, निळसर, पाण्यासारखी फिकी, डोळ्याचं पातं लवायच्या आत विझणारी चमक. कोणी काही बोललं नाही. मग सौ. म्हणाली, "परत." आम्ही परत परत फोडत बसलो. स्फटिक तुटताना विजेचा भार वेगळा होतो आणि हवेतला नायट्रोजन चमकतो, असं त्याचं कारण. गाद्यांच्या खोलीतही नंतर मुंग्या झाल्या. पण तो खर्च वसूल होता. "मार्क मात्र मिळायचे नाहीत," भाची हळहळली. "फिक्स्चर कुठेय यात?" आईच्या अडकित्त्याला फिक्स्चर म्हणणं मला तरी जड गेलं नसतं.

मग रविवारी रायपुरात शबरी एम्पोरियमला गेलो. बस्तरच्या वस्तूंचं ते सरकारी दुकान. तिथे तुंब्याचे दिवे टांगलेले. वाळवलेला भोपळा, तापवलेल्या लोखंडी हत्याराने कोरलेली नक्षी, आणि भोकांमधून भिंतभर पसरलेले ठिपके. बस्तरात तुंबा हे पाणी, पेज आणि सल्फी न्यायचं भांडं. खांद्याला अडकवून रानात नेलं तरी आतलं थंड राहतं. त्याचाच पुढे दिवा झाला, आणि कुठल्याही कॉलेजच्या असाइनमेंटशिवाय झाला. भाची मोहरली. "मामा, हा म्हणजे दुधीच ना?"

हो, कूळ तेच. आमच्या घरात दुधीचं नाव काढलं की तोंडं वाकडी होतात, आणि ती पूर्णपणे न्याय्य आहेत. त्याच दुधीच्या भाऊबंदाखाली सगळे हरखून उभे होते. ज्याची भाजी कोणी वाढून घेत नाही त्याचा दिवा हजारांत विकत घेतात, यावर दुधीने काय समजायचं? तरी इथे एक अडचण आहे. तुंब्याला लागतो तो बहुधा कडू भोपळा, जाड सालीचा. मिरजेच्या तंबोऱ्यांनाही तोच, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा. तो पोटात जाण्याच्या लायकीचा नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेलाही सांगावं लागलं, की रस कडू लागला तर पिऊ नका. म्हणजे तुंबा नियमात बसत नव्हता. खाण्याजोगा नाही म्हणून भाचीने त्याला यादीतून काढलं, आणि घरी आल्यावर पानातली दुधीची भाजीही त्याच कारणाने बाजूला केली.

अमावस्या आली ती अशा पराभूत वातावरणात.

आषाढी अमावस्या हा कॅलेंडरमधला अजब दिवस आहे. महाराष्ट्रात अर्धी घरं त्या दिवशी समया-निरांजनं घासून पाटावर मांडतात आणि दिव्याची अमावस्या करतात. उरलेली अर्धी श्रावणाच्या आधीचा शेवटचा रस्सा करतात आणि तिला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. छत्तीसगडात तीच अमावस्या हरेली. नांगर, कुदळ, फावडं धुऊन त्यांची पूजा, दाराला कडुलिंबाची डहाळी, गुळाचा चिला, आणि पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून उंचच उंच चाललेली. आता राज्यात सुट्टीही असते. किल्नला मात्र सुट्टी नसते. तो एकदा तापला की सणवार ओळखत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये पोरांनी पान्यांना कुंकू लावलं आणि शिफ्ट धरली.

घरी आलो तेव्हा मागच्या अंगणात दोन परातींत दोन कणकी मळल्या जात होत्या. शेजारच्या काकी गाईगुरांसाठी लोंदी करत होत्या. कणकेचा गोळा, त्यात मीठ, वर खम्हाराचं पान. आणि सौ. आपले दिवे. गूळ पाण्यात विरघळवून घेतलेला, जाडसर कणीक, तुपाचं मोहन, किंचित सुंठ. घट्ट मळलेल्या गोळ्याची वाटी करायची, कड अंगठ्याने चढवत न्यायची, एका जागी चिमटा काढून वातीला नाक करायचं, आणि चाळणीत ठेवून वाफवायचं. काकींनी ते सगळं होईतो पाहिलं, मग वात लावून ओवाळणं झालेलं पाहिलं, मग मी वात बाजूला करून दिवा तोंडात घातलेला पाहिला, आणि त्यांना राहवलं नाही.

"तुमन दिया ला घलो खा डारथव?"

खातो, काकी. गरम गरम. त्यांच्याकडे दिवाळीत, सुरहुतीला, नव्या तांदळाच्या पिठाचे दिवे होतात, तेव्हा पिठाच्या दिव्याचं त्यांना नवल नव्हतं. नवल होतं ते आमच्या घाईचं.

भाची मात्र परातीशी खिळली होती. तिने दिवा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला, आणि मलाही तो तेव्हाच नीट दिसला. दिवा जळतो तसतसं तूप वितळतं, आणि वातीला जातं त्याहून जास्त कणकेत मुरतं. म्हणजे जळता जळता तो जास्त चविष्ट होत जातो. जे इंधन, तेच कालवण. असा दिवा माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि मी दिव्यांतच नोकरी काढली. विझवायचा कधी हेही पोटच सांगतं. फक्त नाकाशी थोडी काजळी धरते. तो भाग कोणाच्या वाट्याला यावा याचा आमच्या घरी अलिखित नियम आहे, आणि मी तो नियम आहे.

"मामी, हे डिझाईन कोणाचं?" भाचीने वही उघडत विचारलं.

"सासूबाईंचं."

"त्यांनी कुठून घेतलं?"

"त्यांच्या सासूबाईंकडनं. आणि वही बाजूला घे, पीठ लागतंय."

भाचीने मापं घेतली. कडेची जाडी, नाकाचा कोन, वाफेचा वेळ. पुरणाच्या दिव्यांचीही माहिती घेतली, जे श्रावणातल्या शुक्रवारी मुलांना ओवाळायला करतात, आणि ओवाळलं जाणारं मूल त्या वेळी आईच्या तोंडाकडे न पाहता तबकाकडेच पाहत असतं. तिच्या अहवालात टिकाऊपणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'पंधरा मिनिटे.' देखभालीच्या रकान्यात, 'वरून तूप.' विल्हेवाटीच्या रकान्यात काहीच लिहावं लागलं नाही.

पुढचं फोनवर कळलं. अंतर्गत परीक्षक बाईंनी नमुना पाहिला, वास घेतला, 'एडिबल आहे हे तपासायला हवं' म्हणाल्या आणि तपासला. बरोबरच्या सरांनीही तपासला. बाहेरचे परीक्षक जेवणानंतर येणार होते. ते आले तेव्हा टेबलावर अहवाल, एक वात आणि दोन तृप्त अंतर्गत परीक्षक होते. नमुना पाहिल्याशिवाय मार्क देता येणार नाहीत, असं ठरलं. सकाळपर्यंत मुदत मिळाली.

रात्री भाचीचा फोन. होस्टेलवर शेगडी नाही, मोदकपात्र नाही, इलेक्ट्रिक केटल आहे. केटलीच्या वाफेवर दिवा होईल का? सौ. म्हणाली, होईल, वर चाळणी धर. मी विचारलं, केटली किती वॅटची आणि खोलीत आणखी काय चालू आहे? तेवढ्यात फोन कट झाला. नंतर समजलं, की तिच्या मदतीला शेजारच्या दोन खोल्यांतून आणखी दोन केटल्या आल्या होत्या, तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होत्या, आणि एमसीबी पडून अख्ख्या मजल्याची वीज गेली होती. दिवे झाले, मार्कही चांगले मिळाले. पण वॉर्डनबाईंनी कारण लेखी मागितलं, आणि भाचीला सहीनिशी लिहून द्यावं लागलं, की मजल्यावर अंधार झाला तेव्हा मी दिवा शिजवत होते.